काळ्या स्वेटशर्टवर हलव्याचे दागिने: संक्रांतीसाठी घरच्या घरी भरतकाम

संक्रांतीला काळं घालायचं हे आपल्याकडे लहान पोरालाही माहिती असतं, पण दरवर्षी होतं काय की हौसेने काळी साडी नेसायची, बाळाला काळं झबलं शिवायचं, आणि संध्याकाळी थंडी वाजायला लागली की वरून जो हाताला लागेल तो स्वेटर चढवायचा, मग सगळ्या फोटोंत तो स्वेटरच. आम्ही नाशिकचे, इकडे निफाडकडे जानेवारीत कधी कधी दव गोठतं इतका पारा खाली जातो, त्यामुळे मी ५ वर्षांपूर्वी ठरवलं की साधा काळा स्वेटशर्ट घ्यायचा आणि त्यालाच सणाचा कपडा करायचा. तेव्हापासून घरात आणि नात्यात मिळून १४ स्वेटशर्ट भरून झालेत, त्यातले बरेच बोरन्हाणाचे. दर डिसेंबरात कुणी ना कुणी विचारतं कसं करतेस गं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर साखळी टाका घातला असेल तर तेवढी तयारी पुरेशी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. स्वेटशर्टचं कापड होजिअरीचं असतं, ते ताणतं, आणि भरतकामाचा दोरा ताणत नाही. रुमाल, उशीचा अभ्रा, ब्लाउजपीस यांच्यावर आपण जे शिकलो ते सगळं न ताणणाऱ्या कापडावर शिकलो, म्हणून स्वेटशर्टवर तसंच केलं की चुण्या पडतात, झोळ येतो, नाहीतर घालताना दोरा तुटतो. माझ्या पहिल्या स्वेटशर्टवर मी मोठा पतंग भरला होता, रिंगमध्ये कापड अगदी ढोलकीसारखं ताणून, ३ संध्याकाळी बसून, आणि रिंग काढल्यावर कापड आपल्या जागी परत गेलं आणि पतंग मधोमध आक्रसला. तो सगळा उसवावा लागला. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, म्हणून तुमच्यावर ती वेळ यायला नको.

स्वेटशर्ट कसा निवडायचा

कॉटन जास्त असलेला घ्या. सगळा पॉलिएस्टर असला तर सुई सरकते, इस्त्रीची भीती राहते आणि लहान मुलांना घाम येतो. कापडाचं वजन २४० ते ३२० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅम) मधलं चांगलं, त्यापेक्षा पातळ असेल तर टाक्यांनी लोंबतं. आतली बाजू बघा, आत बारीक वेटोळी दिसली तर ते लूपनिट, आणि आत मऊ लव असेल तर फ्लीस. पहिल्यांदा करताय तर लूपनिट घ्या, फ्लीसच्या लवेत दोरा अडकतो आणि मागची बाजू साफ ठेवणं अवघड जातं. पुढे प्रिंट नको, खिसा नको, झिप नको. जुना घरातला असेल तरी छानच, उलट तो धुऊन धुऊन आटून स्थिर झालेला असतो.

नवा असेल तर भरायच्या आधी २ वेळा धुवा, यात आळस करू नका. एकतर तो आटतो, आणि दुसरं म्हणजे काळा रंग सुटतो. एका ताईंनी दुकानदाराने पक्का रंग म्हणून सांगितलं म्हणून न धुता पांढऱ्या दोऱ्याने भरला आणि पहिल्या धुण्यात सगळा हलवा राखाडी झाला. धुतल्यावर पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासून बघायचा, रुमालाला काळं लागलं तर अजून एकदा धुवायचा, रुमाल कोरा राहीपर्यंत.

सामान

भरतकामाचा सुती दोरा, अँकरची लडी कुठल्याही गावात मिळते. लडी ८ मीटरची असते आणि त्यात ६ पदर असतात. हलव्यासाठी शुभ्र पांढरा लागतो, अँकरमध्ये तो १ नंबर. त्याच्या बरोबरीने थोडासा क्रीम, फिका केशरी आणि फिका गुलाबी घ्या, कारण खरा हलवाही नुसता पांढरा नसतो. उसाला पोपटी, बोराला तांबूस आणि तिळाला क्रीम. भडक लाल घेतलात तर त्याचा एक तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून बघा रंग जातो का.

सुई बारीक पण नाकं मोठं असलेली, ६ पदर ओवता येतील अशी. रिंग ५-६ इंची, लाकडी, स्क्रूवाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं फ्युजिंग, म्हणजे कापड ताणू नये म्हणून मागून चिकटवायचा थर. शिवणाच्या सामानाच्या दुकानात पेपर फ्युजिंग मागा, पातळ, इस्त्रीने चिकटणारं. बकरम नको, ते कडक होतं आणि मुलं अंगावर ठेवत नाहीत. याशिवाय मागून लावायला एक मऊ अस्तराचा तुकडा, जुना मलमलचा ओढणीचा असेल तर फारच छान.

आधी अंगावर, मग टेबलावर

स्वेटशर्ट ज्याचा आहे त्याच्या अंगावर घालून आरशासमोर उभं राहायचं आणि नक्षी कुठे येणार ते खडूने खूण करायचं. टेबलावर पसरून मध्य काढला की तो नेहमी खाली जातो, छातीवर येणारी माळ पोटावर येते. मोठ्यांना गळ्याच्या शिवणीपासून साधारण ३ बोटं खाली सुरुवात करावी, लहान बाळाला २ बोटं. बसल्यावर कुठे घडी पडते तेही बघून ठेवा, तिथे जड भरत नको.

आणि रिबवर, म्हणजे गळ्याची, मनगटाची, खालची जी पट्टी असते तिच्यावर, काहीही भरू नका. चुलत बहिणीने मुलाच्या गळ्याच्या रिबवर उलट्या टिपेने सुंदर वेल काढली होती, पण टीप ताणत नाही, त्यामुळे ते डोक्यातून जाईचना, ओढलं तसा दोरा तुटला आणि मूल रडायला लागलं. वेल काढायची तर रिबच्या खाली अर्धा इंच सोडून काढा.

फ्युजिंग आणि रिंग

स्वेटशर्ट उलटा करा, नक्षीपेक्षा चारी बाजूंनी १ इंच मोठा फ्युजिंगचा तुकडा कापा, कोपरे गोल करा कारण टोकदार कोपरे आधी सुटतात. चकचकीत खरबरीत बाजू कापडाकडे ठेवायची. वर पातळ सुती कापड टाकून इस्त्री दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवायची अजिबात नाही, फिरवली की होजिअरी ताणली जाते आणि ताणलेल्या अवस्थेतच चिकटून बसते. थंड होईपर्यंत हलवू नका.

आता रिंग. इथे शाळेतली सवय सोडायची. कापड सपाट बसेल एवढंच, ताण द्यायचा नाही. बोटाने दाबलं तर थोडं खाली जायला हवं. स्वेटशर्टच्या ज्या उभ्या बारीक रेषा असतात त्या रिंगमध्येही सरळ दिसल्या पाहिजेत, वाकड्या दिसल्या की समजायचं कुठेतरी ओढलं गेलंय, काढून परत लावा. रात्री काम थांबवताना रिंग काढून ठेवा, नाहीतर गोल वण पडतो. फ्युजिंग नीट चिकटलं असेल तर छोटी नक्षी मी रिंगशिवाय हातात धरूनही भरते.

बाही भरताना अडचण येते कारण ती नळीसारखी असते आणि दोन्ही थर एकत्र शिवले जातात. आत मासिकाची गुंडाळी घाला, सुई तिला लागून थांबते. फारच अरुंद असेल तर बाहीची खालची शिवण १०-१२ सेंटिमीटर उसवून, भरून झालं की परत शिवून घ्यायची.

काळ्यावर नक्षी उतरवायची कशी

यावर सगळ्यांची गाडी अडते कारण पेन्सिल दिसतच नाही. पांढरा किंवा पिवळा कार्बन सपाट कापडावर चालतो, पण स्वेटशर्टवर तो पुसट उठतो आणि हात लागला की जातो. मला दोन गोष्टी आवडतात. साध्या नक्षीला अंघोळीच्या साबणाची वाळलेली पातळ चिपटी, आमच्या गल्लीतले टेलरकाका तीच वापरायचे, रेघ बारीक येते आणि धुतल्यावर पूर्ण जाते. बारीक नक्षीला किंवा अक्षरांना पाण्यात विरघळणारं चिकट फ्युजिंग मिळतं, त्यावर पेनाने काढायचं, कापडावर चिकटवायचं, त्याच्यावरूनच भरायचं आणि शेवटी कोमट पाण्यात ठेवलं की विरघळून जातं. इस्त्रीने उडणारे पेन मात्र काळ्यावर टाळा, रेघ जाते पण तिच्या जागी पांढुरकी खूण राहू शकते.

हलव्याचा टाका

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. हलवा करताना कुणाला जवळून बघितलंय का? आमची आजी परातीत तीळ घेऊन मंद आचेवर बसायची, चमच्याने पाकाचे २-२ थेंब टाकायची आणि हाताने हलवत राहायची, तास न् तास, आणि मग हळूहळू त्या तिळावर काटा यायचा. घाईने पाक जास्त टाकला की काटा येत नाही, गोळे होतात. भरतकामातला हलवाही अगदी तसाच थोडा थोडा करत जायचा असतो.

टाका गाठीचाच, ज्याला फ्रेंच नॉट म्हणतात. ६ पदर एक एक करून वेगळे काढा आणि परत एकत्र धरा, असं केल्याने दोरा फुगतो आणि गाठ भरदार बसते. दोऱ्याची लांबी बोटांपासून कोपरापर्यंत, जास्त नको, होजिअरीतून पुन्हा पुन्हा गेल्यावर लांब दोरा पिसारतो. सुई मागून वर काढा, डाव्या हाताने दोरा धरून सुईला २ वेढे द्या, आणि सुई परत खाली घाला, पण त्याच भोकात नाही, कापडाचे एक-दोन धागे सोडून बाजूला. त्याच भोकात घातली की होजिअरीत गाठ सरळ मागे निघून जाते. सुई खाली ओढताना डाव्या हाताचा दोरा शेवटपर्यंत हलका धरून ठेवा आणि गाठ कापडावर टेकली की थांबा, आवळू नका.

गाठ झाली की तो झाला गोल मणी, अजून हलवा नाही झाला. आता पांढऱ्याचाच एक पदर घ्या आणि गाठीच्या पायथ्यापासून बाहेर ५-६ अगदी छोटे सरळ टाके घाला, भाताच्या कणीएवढे, सगळे सारखे नकोत, एखादा लांब एखादा आखूड. हाच काटा. काळ्यावर तो असा काही उठून दिसतो की आमच्या आत्याने पहिल्यांदा बघितलं तेव्हा बोट लावून पाहिलं, खरा चिकटवलाय का म्हणून. दर ७-८ पांढऱ्या दाण्यांनंतर एक केशरी किंवा गुलाबी दाणा टाका.

बोरन्हाणाचा सेट करायचा तर बाळाच्या गळ्याखाली अर्धवर्तुळात दोन ओळींची माळ, मध्ये छोटं पदक, आणि दोन्ही मनगटांच्या रिबच्या वर एक एक ओळ म्हणजे मनगट्यांसारखं दिसतं. वर्षाच्या बाळाच्या माळेला मला ६०-७० दाणे लागतात. दाणे एकमेकांना चिकटून घालू नका, मध्ये एका दाण्याएवढी जागा सोडा. मागच्या बाजूने एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाताना दोरा किंचित सैल ठेवा, ताठ ठेवला तर माळ आखडते. ही सैल ठेवायची सवय लागली की अर्धं काम जिंकलं.

खरे हलव्याचे दागिने बाळाला घालू नका असं मी म्हणत नाहीये, तो सोहळा सोहळाच आहे, पण बाळ ते तोडतं, तोंडात घालतं, घामाने साखर चिकट होते, आणि १०-१५ मिनिटांत काढावेच लागतात. भरलेली माळ दिवसभर अंगावर राहते. मात्र लहान मुलांच्या कपड्यावर खरे मणी, टिकल्या, आरसे लावू नका, ओढून निघाले की थेट तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात.

पतंग, ऊस आणि बाकीचं

पतंग दोऱ्याने भरून काढू नका. सॅटिन टाका, म्हणजे शेजारी शेजारी सरळ टाके घालून भरणं, होजिअरीवर पाऊण सेंटिमीटरपेक्षा लांब गेला की लोंबतो आणि बांगडीत अडकतो. त्यापेक्षा खणाच्या किंवा जुन्या साडीच्या काठाच्या कापडाचा पतंग कापा, दोन बाजूंनी चिकटणारं फ्युजिंग लावून बसवा आणि कडेने ३ पदरी दोऱ्याने काजाचा टाका घाला. पतंग ८-१० सेंटिमीटरपर्यंतच ठेवा, कारण खण ताणत नाही आणि मोठा तुकडा लावला की आजूबाजूचा स्वेटशर्ट फुगतो. उभी काडी आणि कमान वरून उलट्या टिपेने, २ पदर.

मांजासाठी साखळी टाका वापरा, टीप नको. साखळीच्या कड्या थोड्या उघडझाप करतात, म्हणून ती कापडाबरोबर ताण घेते. माझ्या भाच्याला छातीवरच्या पतंगापासून खांद्यावरून बाहीपर्यंत मांजा नेऊन मनगटाजवळ आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) काढून दिली होती, येवल्याची पतंगांची संक्रांत बघून आल्यावर तोच हट्ट होता त्याचा, आणि ३ वर्षं घालूनही एक कडी तुटलेली नाही.

उसाचं पेर म्हणजे साखळीच्या ३ ओळी शेजारी शेजारी आणि जोडावर आडवा एक जाडसर टाका. बोर म्हणजे छोटी गाठींची वर्तुळं. तीळ म्हणजे एकच लेझी डेझीची पाकळी, आत एक टाका. हे जमायला वेळ लागत नाही.

अक्षरं काढायची असतील तर

तिळगुळ घ्या गोड गोड बोला लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि दिसतंही गोड, पण आपल्या लिपीत शिरोरेघ आहे, आणि होजिअरी सगळ्यात जास्त आडवीच ताणते, म्हणजे शिरोरेघ नेमकी तिथेच येते जिथे कापड जास्त हलतं. मी पहिल्यांदा पूर्ण ओळीची एक शिरोरेघ टिपेने मारली होती, ती वर्षभरात ३ ठिकाणी तुटली. आता मी आधी सगळी अक्षरं भरते, शिरोरेघ शेवटी, साखळी टाक्याने, आणि प्रत्येक शब्दाला वेगळी, ओळीला एक नाही. अक्षराची उंची अडीच सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, ळ ची दोन्ही पोटं आणि घ चं वळण बंद होऊन जातं आणि मग तिळगुळ वाचताच येत नाही. वेलांट्यांना ३ पदर, अनुस्वार आला तर एक गाठ.

मशिन असेल तर

साध्या शिलाई मशिनवर करणार असाल तर होजिअरीची गोल टोकाची सुई लावा, साधी सुई सूत तोडते आणि धुतल्यावर भोकं पडतात. बाहेर कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाल्याकडे देणार असाल तर मागे बॅकिंग, म्हणजे आधाराचा थर, कायम राहणारा आणि फक्त जास्तीचा भाग कापायचा असा लावायला सांगा, फाडून काढायचा नको, आणि नक्षी गच्च नको मोकळी ठेवा असं आवर्जून सांगा. हलव्याचा काटा मात्र मशिनवर येत नाही, तो हातानेच.

शेवटचं काम

मागची टोकं गाठ मारून नका सोडू, टाक्यांखालून ३-४ वेळा ओवून कापा. मग जास्तीचं फ्युजिंग गोल कापून घ्या आणि मलमलचा तुकडा मागून बारीक हेमने लावा, टाके फक्त फ्युजिंगमध्ये जातील असे, पुढे दिसायला नकोत. बाळाच्या कपड्याला हे केलंच पाहिजे, मागच्या गाठी त्यांच्या छातीला टोचतात आणि आपल्याला कळत नाही की रडतंय कशाने.

धुताना उलटा करून, थंड पाण्यात, हाताने, पिळायचा नाही. हँगरला टांगू नका, ओल्या वजनाने भरलेला भाग खाली ओढला जातो, पंच्यावर सपाट पसरा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घेऊन, म्हणजे हलवा चपटा होत नाही.

वेळेचं सांगायचं तर बाळाच्या माळेला मला रोज तासभर बसून ८-१० दिवस लागतात, मोठ्यांच्या पतंग-मांजाला ५-६ दिवस. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मार्गशीर्ष लागला की सुरू करा, भोगीच्या आदल्या रात्री जागत बसलं की टाके आवळले जातात. नाहीच झालं तर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आणि बोरन्हाण चालूच असतं, निवांत भरा.

आणि बाळाचा स्वेटशर्ट पुढच्या वर्षी येणार नाही, तर टाकून देऊ नका. माळेचा भाग फ्युजिंगसकट गोल कापून घ्या, कडा दुमडा आणि घरात गोधडी शिवायला घ्याल तेव्हा मधल्या चौकटीत बसवा. भाच्याच्या पहिल्या बोरन्हाणाची माळ आता त्याच्या पांघरुणावर आहे, केशरी दाणे थोडे फिके झालेत, बाकी काटा तसाच आहे.